काकीची जांभळी

आमच्या घरात साड्यांचं कपाट होतं ते काकांचं. काकीच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, वाट्याला त्या कपाटातला खालचा एक कप्पा आला होता, आणि त्यातही अर्ध्या जागेत पाहुण्यांच्या चादरी. हे ऐकून बाहेरची माणसं माझ्याकडे बघत राहतात, म्हणून आधीच सांगून टाकते. माझे काका दशावतारी नाटकात बायकांची कामं करायचे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पाऊस तोंडावर येईपर्यंत, मालवणपासून शिरोड्यापर्यंत देवळादेवळांतून त्यांच्या कंपनीची नाटकं व्हायची, आणि नाटक कुठलंही असो, राणी कायम काकाच. साड्या, दागिने, तोंडाला लावायचा रंग, सगळं ज्याचं त्यानं आणायचं. त्यामुळे घरात नवी साडी आली की ती आधी काकांच्या हातात जायची. काका ती खांद्यावर टाकायचे, मागे सरून डोळे बारीक करायचे आणि मग ठरायचं, ही काकीची की राणीची.

राणी सोडली तर काकांचं स्वतःचं ध्यान बघण्यासारखं नव्हतं. दोन अर्ध्या बाह्यांचे शर्ट आणि एक लुंगी. तिसरा शर्ट घ्या म्हटलं की म्हणायचे, अंग एकच आहे. पण दुसऱ्याच्या कपड्यांवरून त्यांची नजर फिरली की सुटका नसायची. वाडीतल्या पोरी कॉलेजच्या गॅदरिंगला साडी नेसायच्या तेव्हा आयांना बाजूला सारून काकांकडे यायच्या. निऱ्या घालताना काका शाळामास्तरासारखे रागवायचे. पोट आत घेऊन नेसू नकोस, जेवायला बसशील तेव्हा काय करशील, हे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलंय त्याला हिशेब नाही.

मी त्यांची पुतणी. घर एकच, मधे नुसती एक भिंत. कपडे कसे घालायचे ते मला आईनं नाही, काकांनी शिकवलं. आता नोकरीमुळे मी कुडाळला राहते, तरी वर्षातून दोनदा माझं कपाट तपासलं जातं, एकदा पावसाआधी आणि एकदा पाऊस गेल्यावर. आधी काका स्वतः यायचे. हल्ली मीच कपडे पिशव्यांत भरून गावी नेते, कारण ते एस्टीतून उतरल्यावर चहासुद्धा न घेता थेट कपाट उघडायचे आणि माझ्या शेजारणींना वाटायचं, जप्ती आली.

पावसाळ्यात आमच्याकडे जीन्स घालणारा माणूस एक तर नवखा असतो किंवा हट्टी. मी दोन्ही होते. ती वाळायची नाही, मग कुबट वास यायचा, मग काका नाक धरून घरातून फिरायचे. पावसात आखूड, गडद आणि पंख्याखाली झटकन वाळेल असंच हवं, हा त्यांचा कायदा. मे महिन्यात फिकं आणि सुती, तेही धुऊन धुऊन मऊ झालेलं. नवं कडक सुती कापड आधी घरात वापरून माणसाळवायचं. थंडी इथे पाहुण्यासारखी येते, तिच्यासाठी एक शाल पुष्कळ. नवा कपडा घेतला की मला तो घालून खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, चालायला लावायचे, विहिरीपर्यंत जा, वाक, कळशी उचल, परत ये. उभं राहिल्यावर सगळंच चांगलं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मी चिडायचे, पण त्या चालण्यातून पास झालेले कपडे मी अजून घालते, हे कबूल करायला हवं.

आणि सगळ्यांच्या वर एक नियम होता. कपाट आवरताना माझा जीव एखाद्या ओढणीत अडकला की काका तो नियम काढायचे.

"वर्षभरात जा अंगार चढला नाय, ता आपला न्हय."

वर्षभरात जे अंगावर चढलं नाही ते आपलं नाही, म्हणून मग ती ओढणी कुणाला तरी जायची, नाही तर तिची वाकळ शिवली जायची. ह्या नियमामुळे माझं कपाट आजही अर्धं रिकामं असतं आणि सकाळी ऑफिसला जाताना मला काय घालू हा प्रश्न पडत नाही. मैत्रिणींना ह्याचा हेवा वाटतो. तोच नियम एक दिवस काकांच्या अंगावर उलटेल, असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं.

जांभळीची गोष्ट तिथे येते. काकीला मुलगी झाली तेव्हा तिच्या भावानं मुंबईहून एक रेशमी साडी आणली होती. गडद जांभळा रंग आणि पिकल्या काजूबोंडासारखे पिवळे रुंद काठ. काकी ती बारशाला नेसली. त्याच वर्षी जत्रांच्या तोंडावर काकांनी आपली पेटी उघडली तर राणीच्या साडीवर वरपासून खालपर्यंत बुरशी. वेखंड घातलं होतं, निर्गुंडीचा पाला घातला होता, पण पावसापुढे कुणाचं काय चालतं. दुसऱ्या दिवशी पहिलं नाटक होतं. काका पेटीपुढे डोकं धरून बसले. काकी आत गेली, जांभळी घेऊन आली आणि पेटीत ठेवून स्वयंपाकाला लागली. आई सांगायची, दोघांत एक अक्षर बोलणं झालं नाही.

त्या जत्रेत राणी अशी काही दिसली म्हणतात की पुढच्या गावानं कंपनीला निरोप धाडला, राणी त्याच साडीत हवी. झालं. जांभळी परत कपाटात आलीच नाही. मी शाळेत असताना आमच्या भागात ती साडी माणसासारखी ओळखली जायची. राणीची जांभळी. बाजारात कुणी जांभळं कापड मागितलं तरी दुकानदार विचारायचा, राणीचा जांभळा हवा का? मला त्याचा केवढा अभिमान. ती मूळची कुणाची, हे गावाला ठाऊकच नव्हतं.

काकांनी काम सोडलं ते गुडघ्यांमुळे. राणीला सिंहासनावर बसायचं आणि ताडकन उठायचं असतं, आणि काका उठताना खांब धरायला लागले. बऱ्याचशा साड्या त्यांनी आपल्या जागी आलेल्या नटाला देऊन टाकल्या, पण जांभळी दिली नाही. धुऊन, घडी घालून काकीच्या कप्प्यात ठेवली. आम्हाला वाटलं, चला, संपली उसनवारी.

काकी ती एकदा नेसली, शेजारच्या हळदीकुंकवाला. दारातच एक बाई हसत म्हणाली, "आज घोवाची साडी नेसलंस काय गो?" घोव म्हणजे नवरा. सगळ्या हसल्या, काकीही हसली. घरी येऊन तिनं साडी सोडली, घडी केली आणि चादरींच्या खाली ठेवून दिली. हे मला पुष्कळ उशिरा कळलं, कारण काकी तक्रार करणाऱ्यांतली नाही. तिचं मन दुखलं की ती नारळ खवायला घेते.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचं, माझ्या चुलत बहिणीचं, लग्न ठरलं, मार्गशीर्षात. दसऱ्यानंतरचं कडकडीत ऊन पडलं तसं आम्ही नेहमीप्रमाणे सगळे कपडे उन्हात काढले. खळ्यात दोरीवर साड्या, खाटेवर शाली, चटईवर काय ठेवायचं आणि काय द्यायचं त्याचे ढीग. काका खुर्चीत बसून हुकूम सोडत होते. लग्नात काकीनं काय नेसायचं, ह्यावर त्यांचं भाषण चाललं होतं. नवी घ्यायला त्यांचा विरोध होता. नव्या साडीत बाई साडीला सांभाळते, पाहुण्यांकडे बघत नाही, असं काहीतरी. मी मधेच म्हटलं, मग जांभळी आहे की. पोरीच्या जन्माची साडी, पोरीच्याच लग्नात.

काका एकदम उजळले. मी काकीच्या कप्प्यातले कपडे चाळले तर जांभळी तिथे नव्हती. ती ढिगात होती, वाकळीसाठी फाडायच्या कपड्यांच्या ढिगात, एका विटक्या लुगड्याच्या खाली. मी ती ओढून काढली. काका खुर्चीतून उठले, ह्या वेळी खांब न धरता. ही इथे कुणी टाकली, असं त्यांनी विचारलं. काकी शालींच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही.

"वर्षभरात अंगार चढली नाय. तुमीच सांगतास ना? मगे ती माजी खंय?"

मग ती माझी कुठे, हे विचारताना आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. नियम त्यांचाच होता. मग मी खोदून खोदून विचारलं तेव्हा हळदीकुंकवाचं सगळं बाहेर आलं, ती बाई, तो हशा. मी ही साडी नेसले की लोकांना तुम्ही दिसता, मी दिसत नाही, असं काकी म्हणाली. मुलीच्या लग्नात तरी मला माझ्यासारखं दिसू दे. एवढं बोलून ती नारळ फोडायला गेली.

मला काकांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांची दयाही आली. ज्या माणसाला दहा पावलांवरून कुणाची निरी चुकली ते दिसायचं, त्याला खालच्या कप्प्यातलं दिसलं नव्हतं. ते बराच वेळ ती साडी मांडीवर घेऊन बसून होते. ऊन डोक्यावर आलं तरी हलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मात्र ते कामाला लागले. खांद्याच्या जागी पिनांनी बारीक भोकं पडली होती. राणीला पदर घट्ट लागतो, तिला तलवारही चालवावी लागते. एका काठाला तोंडाच्या रंगाचा लाल डाग होता. काकांनी रिठे भिजत घातले, त्या पाण्यात साडी स्वतः धुतली, सावलीत वाळवली. कुडाळला येऊन माझ्या ओळखीच्या बाईकडून जुना फॉल काढून नवा लावून घेतला आणि ती लावत असताना तिच्या डोक्यावर उभे राहिले. त्या बाईनं नंतर मला फोन करून विचारलं, हे गृहस्थ कायम असेच असतात का. मी म्हटलं, आज तर बरे आहेत.

काकी हे सगळं बघत होती. नेसणार आहेस ना, असं मी दोनदा विचारलं. बघू, म्हणाली. तिच्यासाठी एक हिरवी साडी आणून ठेवलेली होती, तीही बरी होती. लग्नाच्या दिवसापर्यंत आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं ती काय करणार.

लग्नाच्या सकाळी मी तिच्या खोलीत गेले तेव्हा दोन्ही साड्या पलंगावर होत्या आणि काकी दोन्हीकडे बघत नुसती उभी होती. काका दारात आले. त्यांनी नवा शर्ट घातला होता, त्या माणसाचा तिसरा शर्ट. सल्ला नाही, भाषण नाही. आपल्याच घरात ते परवानगी मागितल्यासारखे उभे होते.

"नेसवू?" त्यांनी विचारलं.

काकीनं जांभळी उचलून त्यांच्या हातात दिली.

मी पिना धरायला थांबले, म्हणून मला बघायला मिळालं. आयुष्यभर ज्या हातांनी स्वतःला राणी केलं, ते हात त्या दिवशी काकीला साडी नेसवत होते. राणीसारखं काही करायचं नाही, हे त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. राणीचा पदर ताठ उभा असायचा, हा त्यांनी सैल सोडला. पदर थोडा लांब काढला, त्यामुळे ती भोकं पाठीमागे घडीत गेली. निऱ्या कमी आणि रुंद, काकीला भरभर चालायची सवय आहे म्हणून. दागिने हलके. शेवटी खाली बसून त्यांनी निऱ्यांचं टोक सारखं केलं. गुडघे कुरकुरले, उठताना काकीनं हात दिला. ती आरशासमोर गेलीच नाही. दारातून बाहेर पडली, खळ्यातून विहिरीपर्यंत चालत गेली, वाकली, परत आली. मग म्हणाली, चालता. म्हणजे चालेल. मला रडू आलं आणि मी पिना शोधायचं निमित्त केलं.

मांडवात व्हायचं ते झालंच. नवऱ्या मुलाच्या बाजूची एक म्हातारी आत्या, शिरोड्याकडची, काकीला निरखून बघत जवळ आली. तिनं काठ बोटांत धरला. "ही साडी मी बघलंय गो. आमच्या जत्रेत. राणीच्या अंगार." आजूबाजूच्या बायका वळल्या. दोघी-तिघींच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. काकीचा हात पदराकडे गेला. मी पुढे सरसावले, पण काका माझ्याआधी पोचले. पंगतीकडे निघाले होते ते तसेच वळून आले, आणि देवळाच्या मागच्या खांबापर्यंत पोचायचा तो आवाज त्यांनी लावला.

"राणीची न्हय ती. हिची साडी. राणीन इतकी वर्षां हिच्याकडसून मागान नेसल्यान."

आत्याबाईंनी एकदा काकांकडे बघितलं, एकदा काकीकडे. काकीनं पदरावरचा हात काढला आणि पदर होता तसा राहू दिला.

"पण परत करूक लय येळ लावल्यान," ती म्हणाली.

सगळ्यात मोठ्यानं हसले ते काका. मग आत्याबाई काकीला हाताला धरून आपल्याकडच्या बायकांत घेऊन गेल्या, आणि पुढे फोटोंत जिथे जिथे काका-काकी दोघं आहेत तिथे काका जरा मागे उभे आहेत.

ह्या वर्षी पाऊस सरल्यावर पुन्हा कपडे उन्हात काढले. काकीचे आता दोन कप्पे आहेत, चादरी काकांकडे गेल्या. मी दोरीवर साड्या टाकत होते आणि काका खुर्चीतून सांगत होते, ही इकडे, ती तिकडे. स्वयंपाकघरातून काकीची हाक आली.

"माजी जांभळी सावळेत घाल गो. उन्हान रंग उडतलो."

काकांनी उठून ती स्वतः सावलीतल्या दोरीवर टाकली.