तुमच्यासंगं कठीण जाते

माझी बायको गेली हे मला वानखडेंच्या फोनवरून कळलं. रविवार होता, सकाळचे दहा वाजायचे होते. मी सिंदी रेल्वे या गावी एका मित्राच्या ओसरीवर चहा पीत बसलो होतो. काम काहीच नव्हतं, आमची कापसाची जिनिंग मिल रविवारी बंद असते. कुंदा आवरून, कॅनव्हासचे बूट घालून डान्सला निघते ते बघायला नको, एवढ्याचसाठी मी दोन महिन्यांपासून दर रविवारी सकाळी गाडी काढून नालवाडीतल्या घरून निघून जात होतो. फोनवर तिच्या क्लासमधल्या वानखडेंचं नाव दिसलं आणि आधी रागच आला. आता हा माणूस मलाही फोन करायला लागला... "भाऊजी, लवकर या. ताई..." एवढंच ते बोलले. मी वर्ध्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. क्लास संपता संपता कुंदा बाकावर बसली, पाणी मागितलं आणि मान टाकली. डॉक्टर म्हणाले, हृदय. वानखडे भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या शर्टाची एक बाही ओली होती. कुंदाला पाजताना सांडलेलं पाणी होतं ते. लिहायला लाज वाटते, पण बायको समोर स्ट्रेचरवर असताना मी त्या बाहीकडे पाहत होतो, आणि शेवटचं पाणी यांच्या हातचं, हा विचार माझ्या मनात रडण्याच्या आधी आला.

दीड महिना झाला त्याला. मुलगी म्हणाली, "बाबा, आईवर काही तरी लिहा, पेपरच्या पुरवणीत देऊ." गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं-चांगलं लिहितात, आणि कुंदाबद्दल तसं लिहायला कितीतरी आहे. पण शेवटच्या दीड वर्षात माझ्या मनात तिच्याबद्दल मुख्यतः जळफळाटच होता. तो सोडून लिहायला बसलो तर मी दुसऱ्याच कुणाच्या बायकोबद्दल लिहीन.

कुंदा परिचारिका होती. नोकरीची बरीच वर्षं तिने हाडांच्या वॉर्डात काढली. ऑपरेशन झालेल्या माणसाला पहिल्यांदा उभं करणं, दोन पावलं चालवणं हे तिचं काम. घरातही तसंच होतं. माझी आई अंथरुणाला खिळली, मुलीची दहावी-बारावी झाली, घराचं बांधकाम निघालं, सगळं तिने निभावून नेलं आणि मला कायम वाटत राहिलं की घर मीच चालवतो आहे. मी कापसाचा ग्रेडर. कापूस चिमटीत धरून ओढला की धागा किती लांब आहे ते माझ्या बोटांना कळतं. त्याच्यापलीकडे या बोटांना फारसं काही कळत नव्हतं, हे मला साठीत समजलं.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी ऋचा नावाची एक तरुण फिजिओथेरपिस्ट पुण्याहून वर्ध्याला परतली आणि तिने साल्साचा क्लास काढला. बारावीच्या शिकवणीचा एक हॉल रविवारी सकाळी रिकामा असायचा. बाकं भिंतीला लावायची, फळ्यावरची भौतिकशास्त्राची सूत्रं तशीच राहू द्यायची आणि नाचायचं. कुंदाची आणि ऋचाची दवाखान्यातली ओळख. कुंदा म्हणाली, "चला ना, दोघंही जाऊ." मी म्हटलं, "या वयात? लोक काय म्हणतीन?" ती एकटी गेली. तीन रविवार मी पेपर वाचत बसलो. चौथ्या रविवारी ती घरी येऊन भाजी चिरताना एक-दोन-तीन, पाच-सहा-सात असं पुटपुटायला लागली आणि मध्येच हसली. कशाला हसलीस विचारलं तर म्हणाली, "वानखडे आहेत एक रोहण्याचे. लई मजा येते त्याईच्यासंगं." पुढच्या रविवारी मी तिच्या आधी बूट घालून तयार होतो.

साल्सा म्हणजे दोघांचा नाच. आठ आकड्यांचा ताल, त्यातल्या चौथ्या आणि आठव्या आकड्याला पाऊल टाकायचं नाही, थांबायचं. एकाने हाताने सुचवायचं, बोलायचं नाही. दुसऱ्याने ते ओळखून करायचं. पुढे काय येणार हे दुसऱ्याला आधी माहीत नसतं, निदान नसावं. आणि सगळ्यात वाईट नियम म्हणजे एक गाणं झालं की जोडीदार बदलायचा. ऋचा टाळी वाजवून म्हणायची, "चला, बदला." पुरुष कमी होते, त्यामुळे प्रत्येक बाई प्रत्येक पुरुषाच्या वाट्याला यायचीच. नवरा-बायको म्हणून काही सवलत नव्हती. उलट ऋचा सांगायची, "काका, बायकोला चिकटून राहिलात तर दोघंही शिकणार नाही." मी मनात म्हणायचो, तुझं लग्न होऊ दे, मग सांग.

वानखडे म्हणजे पंचेचाळीस-पन्नाशीचा गडी. शेती रोहण्याला, तूर आणि कापूस, आणि क्लाससाठी भल्या सकाळी मोटारसायकलवर निघून वर्ध्याला यायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन रुमाल. त्यातला एक नाच सुरू करण्याआधी हात पुसायला, कारण "बाईमाणसाले ओला हात कसा द्यावा भाऊजी?" कुंदाला ताई म्हणायचे, मला भाऊजी. म्हणजे तक्रार करायला तोंडच ठेवलं नव्हतं त्यांनी. आणि नाच म्हणाल तर वानखडेंनी नुसता हात वर केला की कुंदा गर्रकन फिरायची आणि बरोबर पाचाला जागेवर यायची. बाकीच्यांसोबतही तसंच. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते, त्यांना धड सरळ चालता येत नव्हतं, पण कुंदा समोर आली की तेही राजासारखे नाचायचे. मग माझी पाळी यायची आणि आमचे पाय एकमेकांत अडकायचे. मी हात वर करायचो, ती तशीच उभी. मी ओढायचो, मग ती अर्धी फिरायची आणि थांबायची. गाणं पुढे निघून जायचं आणि आम्ही रस्त्यात गाडी बंद पडल्यासारखे मधोमध उभे. ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मला वाटायचं, कंटाळली आहे, टाळी कधी वाजते याची वाट पाहते आहे.

मी काय-काय केलं ते सांगतो. नागपूरहून चामड्याच्या तळव्याचे बूट आणले आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर घसरून पडलो. उचलायला सगळ्यांच्या आधी धावले ते वानखडेच. जिनिंगमध्ये दुपारी कापसाच्या गाठींच्या मागे एकटाच पावलं घटवायचो. हमालांपैकी एकाने पाहिलं आणि काळजीने विचारलं, "साहेब, पायात गोळा येऊन राह्यला काय?" घरी कुंदाला म्हणायचो, "सांग ना, माहं काय चुकते?" ती म्हणायची, "तुम्ही सांगा, मी तेच करते." मला ते उत्तर टोलवाटोलवीचं वाटायचं. वानखडेंना न सांगता कळतं आणि मला विचारूनही सांगत नाही, याचा अर्थ मी जो काढायचा तो काढला.

एका रविवारी क्लासहून परतताना मी स्कूटर चालवत होतो आणि ती मागे होती. मी न राहवून विचारलं, "वानखडेसंगं नाचायले कसं वाटते?"

"सोपं वाटते," ती म्हणाली.

"आन् माह्यासंगं?"

तिने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "तुमच्यासंगं कठीण जाते. काऊन सांगू काय..."

"नको सांगू," मी म्हटलं आणि स्कूटर जोरात काढली. तिला काय सांगायचं होतं ते मी ऐकून घेतलं नाही. पुढच्या रविवारी गुडघा दुखतो म्हणालो. तिने जमिनीवर बसून माझा गुडघा दोन्ही हातांत धरला, वाकवून पाहिला, सरळ करून पाहिला. हाडांच्या वॉर्डातली बाई ती, तिला एका मिनिटात कळलं असणार. तरी तिने तेल लावून दिलं आणि गेली. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी दारात उभी राहून एकदा विचारायची, "येता काय?" मी मान हलवायचो. शेवटच्या रविवारीही विचारलं होतं. तेव्हा मी तर गाडीला किकही मारली होती.

तेरवीला वानखडे आले. सकाळपासून मांडवात राबले, पंगतीत वाढलं, स्वतः मात्र जेवले नाहीत. दुपारी माणसं पांगल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. दहा-बारा दिवस जे मनात घोळत होतं तेच विचारलं. "शेवटचं गाणं तुमच्यासंगं होतं काय?"

"हो भाऊजी."

"चांगलं झालं?"

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि हातातच धरून ठेवला. "ताईसंगं सगळ्याईचंच चांगलं व्हाचं," ते म्हणाले. "खरं सांगू काय, मले टर्न देता येतच नाई. मी हात वर करो, अन् ताई आपल्या आपणच फिरे. मी लवकर केलं तरी बरोबर, उशिरा केलं तरी बरोबर. मले वाटे, काय भारी नाचून राह्यलो मी. एक दिवस ऋचा मॅडमनं सांगतलं का वानखडे, तुम्ही नाई नाचत, ताई तुम्हाले नाचवून राह्यल्या. सगळ्याईलेच नाचवे ताई. कोणाले समजू देत नव्हती."

मी म्हटलं, "मले तं नाई नाचवलं कधी."

"तेच तं. मॅडमनं त्याईले टोकलं होतं माह्यासमोर. म्हणे, काकूंनी काकांनाही थोडं सांभाळून घ्यावं, त्यांना वाईट वाटतं. तं ताई म्हणे, नाई. जनमभर सगळ्याईले मीच हात धरून चालवलं, ह्याईलेही चालवलं. इथं नाई चालवणार. ह्याईनं खरंच फिरवलं, तवाच फिरीन. तोपर्यंत थांबते."

मी ओसरीवर बसलो. वानखडेही शेजारी बसले. मला कुंदाचं ते थांबणं आठवत होतं, गाणं पुढे जात असताना माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिलेली. छत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट असेल आणि तीही तोंडाने मागितली नाही. मागायला निघाली होती त्या दिवशी स्कूटरवर, तर मी गाडी पळवली. आणि हे मला सांगितलं कोणी, तर वानखडेंनी. ज्या माणसाचा मी दीड वर्ष दुस्वास केला त्याच्याकडून मला माझ्या बायकोचं मन कळावं, याचाही मला त्या क्षणी हेवाच वाटला. त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

मग मला आणखी एक रविवार आठवला, जो मी तोवर कोणाला सांगितलेला नव्हता. गुडघ्याच्या नाटकाच्या महिनाभर आधीची गोष्ट. काय झालं कोण जाणे, पण त्या दिवशी गाणं सुरू होतं आणि मी आकडे मोजायचे विसरलो. हात आपोआप वर गेला, ओढला नाही, ढकलला नाही, आणि कुंदा फिरली. पूर्ण फिरली आणि पाचाला माझ्यासमोर आली. तिचं वजन माझ्या बोटांवरून सरकत गेलेलं मला कळलं, जसा चांगला कापूस चिमटीत कळतो. तो एकच टर्न. मग पुन्हा पाय अडकले आणि टाळी वाजली. पण तो एक माझा होता. आणि तो जमला त्या क्षणी मी काय केलं असेल तर मान वळवून वानखडेंकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं की नाही, एवढंच मला हवं होतं. त्यांनी पाहिलं होतं, ते मान डोलावत होते. मी छाती फुगवली. त्या वेळी कुंदाचा चेहरा कसा होता ते मी आता किती आठवून पाहतो, पण मला आठवायला तो माझ्याजवळ नाहीच.

मी पुन्हा क्लासला जातो आहे. लोकांना नवल वाटतं, मुलीलाही वाटलं. पण घरात कुंदा मला फारशी भेटत नाही; घर तिने चालवलेलं, तिथे मी नुसता बसलेला असायचो. त्या हॉलमध्ये मात्र ती माझी वाट पाहत उभी राहायची. मी लवकर जातो, बाकं सरकवतो, ती ज्या बाजूला उभी राहायची तिकडे पाठ करत नाही. वानखडेही येतात. गेल्या रविवारी क्लास संपल्यावर आम्ही दोघं बाकं परत लावत होतो. एका टोकाला मी, एका टोकाला ते. मी विचारून टाकलं. त्या दिवशी माझा टर्न जमला होता, आठवतं का? त्यांना लगेच आठवलं. मग मी विचारलं, तेव्हा ती कशी दिसत होती, हासली काय?

वानखडेंनी बाक खाली ठेवलं. "हासल्या नाई भाऊजी. रडाले आल्यासारख्या झाल्या होत्या. तुमच्याकडेच पाहून राह्यल्या होत्या त्या, पुरं गाणं संपेपर्यंत. तुम्ही माह्याकडे पाहून राह्यले होते."

मी बाकाचं माझं टोक उचललं, त्यांनी त्यांचं उचललं. फळ्याजवळच्या रांगेत ते बाक बसवलं. वानखडे चांगला माणूस आहे. कुंदाला शेवटचं पाणी त्यांनी पाजलं हे मी आता मनातून काढून टाकलं आहे, तिच्यासोबतची त्यांची सगळी गाणीही त्यांची त्यांना दिली. पण तो चेहरा माझ्यासाठी होता आणि पाहिला त्यांनी, एवढं मात्र मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.