द्वारकाबाईची सप्तमी

सियागंजच्या मागची आमची बाखल म्हणजे एका तोंडाची गल्ली. दोन्ही बाजूंना खोल्या, मधे नळ. तिथं देवीचं काहीही निघालं की आधी द्वारकाबाईंना बोलावणं जाई. त्यांच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे खोल वण होते, एका डोळ्यात फूल पडलेलं. "आईनं मला हात लावून सोडून दिलं, म्हणून मी तिची," असं त्या सांगत. कुणाच्या घरी मूल तापून अंगावर फोड उठले की त्या कडुलिंबाचा डहाळा घेऊन जात, उशाशी बसून वारा घालत आणि घरच्यांना दटावत. फोडणी द्यायची नाही, कुणी दाढी करायची नाही, आजाराचं नाव तोंडातून काढायचं नाही. आई पाहुणी आलीय, असंच म्हणायचं.

त्यांचे यजमान कापडाच्या मिलमध्ये कामाला म्हणून इंदूरला आले आणि इथंच गेले. मुलगा मारुती त्याच मिलमध्ये. सून बाळंतपणात गेली, मागं सुमन राहिली. चार वर्षांची, बोबडी, दिवसभर आजीच्या पदराला धरलेली. तिला देवीचा टीका, म्हणजे लस, लावलेला नव्हता. मी एकदा म्हटलं तर द्वारकाबाई हसल्या. "आई आमच्या घरची आहे, सुलोचना. घरच्या माणसासमोर सुई काय काढायची?"

मध्यभारत सरकार नवीन होतं तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी माघापासूनच शहरात देवीच्या साथीची कुजबुज होती. होळीच्या सुमारास भोंगा लावलेला तांगा फिरायला लागला, "माताएँ-बहनें ध्यान दें, चेचक का टीका मुफ्त लगाया जा रहा है." मागं पोरं पळत आणि ओरडत, "टीका लगाओ, बुखार पाओ!" सियागंजातल्या शेटजींनी बायकामुलं देपालपुरास पाठवली. आमच्या घरचे दफ्तरात कारकून. जेवताना म्हणाले, "लस पुरेल असं दिसत नाही. सरकार उन्हाळ्यापुरतं ग्वाल्हेरहून इंदूरला हलायच्या तयारीत, निम्म्या फायली पेट्यांत. मागायची कुणी आणि पाठवायची कुणी?" त्यांनी आमच्या दोन्ही मुलांना ओळखीनं टोचून आणलं. मी वरून देवाचा अंगारा लावला.

आमच्या बाखलीत टीकेवाले कधी यायचे, ते कुणा साहेबानं कागदावर ठरवलं. तो दिवस नेमका शीतला सप्तमीचा निघाला. आपल्या देशावर ही सप्तमी श्रावणात, पण माळव्यात होळीनंतर, आणि इथं राहून आम्हीही इथल्यासारखीच पाळतो. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं आणि सप्तमीला चूल पेटवायची नाही. आईला थंडावा हवा, म्हणून सगळं थंड खायचं. त्या दिवशी अख्ख्या बाखलीत विस्तव नसतो, पुरुष बिडीसुद्धा बाहेर जाऊन ओढतात.

सकाळी आम्ही बायका आईला पाणी घालून परतलो, तर नळापाशी तिवारीजी टीकेवाले टेबल मांडून बसलेले. घामाघूम, पायांशी बर्फाचा डबा.

"आओ बाईजी, बच्चों को लाओ. दो मिनट का काम है."

शेजारची चारुलता मूल कडेवर घेऊन पुढं झालीसुद्धा. एवढ्यात तिवारीजींनी काडी ओढली आणि स्पिरिटचा दिवा लावला. निळी ज्योत उठली. चारुलता जागीच थांबली. "अगं बाई, आज विस्तव!"

द्वारकाबाई पुढं आल्या. "भिया, वो बुझाओ."

"सुई तपाए बिना नहीं लगती, माँजी. सरकारी हुकुम है."

"सरकारचा हुकूम तुझ्या कचेरीत. इथं आज आईचा आहे." आणि हातातल्या तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी दिव्यावर ओतलं.

बायका हसल्या, कुणी "शीतलामाता की जय" म्हटलं. तिवारीजींनी रुमालानं टेबल पुसलं. "माँजी, ये शीशियाँ शाम तक बेकार हो जाएँगी. फिर कब मिलेंगी, मुझे नहीं मालूम."

"कल आना, भिया. कल चूल्हा भी जलेगा, दिवा भी जलेगा."

मी तिवारीजींना म्हटलं, गल्लीबाहेर बसा. ते पिंपळाखाली जाऊन बसलेही. पण द्वारकाबाईंनी ज्यावर पाणी टाकलं तिकडं कोण जाणार? दुपार कलली तसे ते डबा उचलून गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही.

मग बाखलीतल्याच कुमुदिनीचा मुलगा गजानन एका लग्नाहून परतल्यावर तापला आणि त्याच्या कपाळावर फोड दिसले. द्वारकाबाई डहाळा घेऊन गेल्या. देवी अंगात आलेलं मूल म्हणजे साक्षात आई. त्याच्या पायांवर डोकं ठेवायचं, दहीभात आणि नारळ ठेवायचा, आपल्या मुलांची कपाळं त्या पायांना लावायची, म्हणजे आई त्यांना सौम्य होते. बाखलीतल्या बायका लेकरं घेऊन ओळीनं येऊन गेल्या. सुमन तर तिथंच आजीच्या मांडीवर बसून खोबरं खात होती.

गजानन गेला.

त्याला नेल्यावर द्वारकाबाई माझ्या दारात आल्या. डहाळा हातातच होता, पानं वाळलेली.

"तुझ्या माणसाला विचार ना गं, टीका कुठं मिळतो ते."

"कुणासाठी?"

"सुमीला."

आम्ही दोघी सुमनला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. ज्या लोकांनी टीकेवाल्यांच्या तोंडावर दारं लावली होती, तेच आता खिडकीपाशी एकमेकांना ढकलत होते. खिडकीतून आवाज आला, "खतम! माल रास्ते में है. कल आओ."

रांगेतला एकजण द्वारकाबाईंना ओळखत होता. "क्यों माँजी, दिवा बुझाने आई हो?"

"नहीं भिया," त्या म्हणाल्या. "पोरीला घेऊन आलेय."

तो वळून दुसरीकडं बघू लागला. दुसऱ्या दिवशीही खिडकीतून तेच उत्तर आलं. घरी आमचे म्हणाले, कागद वर गेलाय. वर म्हणजे कुठं, ते त्यांनाही सांगता येईना. पुन्हा गेलो तेव्हा सुमन माझ्या कडेवर होती, आणि तिच्या अंगाचा चटका मला लुगड्यातून लागला. मी द्वारकाबाईंकडं बघितलं. त्यांनी हात लावला नाही. त्यांना कळलं होतं.

संध्याकाळी बायका ताटं घेऊन त्यांच्या दाराशी जमल्या. पुढं चारुलता, कडेवर मूल. द्वारकाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"परत जा."

"मावशी, आईची ओटी भरायला आलोय."

"माझ्या घरी आई नाही आली. रोग आलाय. पोराला घेऊन मागं हो, चारू."

कुणीतरी कानांवर हात ठेवले. एक म्हातारी ओरडली, "जीभ झडेल तुझी!"

"झडू दे. पण पोरं आत आणू नका."

कुमुदिनी मागं भिंतीशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "मग माझ्या गजाननच्या वेळी का नाही बोललात, मावशी? सगळ्यांना तुम्हीच आत घेत होता."

द्वारकाबाईंनी दार लावून घेतलं.

मारुती मिलमध्येच निजायला लागला. मी उंबऱ्यावर पाणी आणि पेज ठेवून यायची. आतून सुमनचा आवाज यायचा, "आजी, वाला घाल." नंतर तो यायचा बंद झाला. मी देवापाशी नंदादीप ठेवला होता, तो विझू दिला नाही. तरी पोर गेली.

लस त्यानंतर आली. तिवारीजींनी नळापाशी पुन्हा तेच टेबल मांडलं. गल्लीच्या तोंडाकडून वारा होता, दिवा पेटेना. लोक पाहत उभे राहिले. द्वारकाबाई घरातून निघाल्या, टेबलाशी उकिडव्या बसल्या आणि दोन्ही हातांचा आडोसा ज्योतीला धरला. चारुलताच्या मुलाला टोचलं, कुमुदिनीच्या धाकटीला टोचलं. शेवटचं मूल होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

त्यानंतर कुणी त्यांना बोलवेना. देवी निघालेल्या घरीही नाही आणि हळदीकुंकवाला तर विधवेला कधी बोलवतच नसत. त्या नळावर सगळ्यांच्या शेवटी यायच्या.

पुढच्या वर्षी सप्तमी आली. त्या नेहमीसारख्या पहाटे उठून गेल्या, आईच्या दगडावर गार पाणी घातलं, पदर पसरून नमस्कार केला. मी शेजारीच होते. आईला त्यांनी कधी दोष दिला नाही, मीही देत नाही. परतलो आणि थोड्या वेळानं बाखलीत धूर दिसला. एकाच छपरातून, त्यांच्या. बायका दारांत आल्या. "सुलोचनाबाई, बघा हो तुमच्या मैत्रिणीचं!"

मी गेले. द्वारकाबाई चुलीपुढं बसल्या होत्या, चहाला आधण आलं होतं.

"बस," त्या म्हणाल्या.

सप्तमीला मी गरम काही तोंडात घालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कप भरून माझ्यापुढं ठेवला आणि फुंकणी घेऊन पुन्हा चुलीकडं वळल्या. कोपऱ्यात खुंटीला सुमनचं परकर-पोलकं अजून तसंच टांगलेलं होतं.

मी तो चहा प्यायले.