सर पुढे, मुली मागे

सुलक्षणाबाई नापास आहेत, हे कांदिवलीच्या त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नातवाचं गणित अडलं की मुलगा सुबोध हसत म्हणायचा, "आजीला नको विचारूस, ती कॉलेजात आपटली होती." बाईही हसायच्या. आतून जळायच्या, पण हसायच्या.

त्यांच्या मुलुंडच्या कॉलेजात मुलींना प्रवेश मिळाल्याला पन्नास वर्षं झाली, म्हणून समारंभ ठरला. पहिल्या वर्षी मुली दोनच होत्या, सुलक्षणा आणि जयंती. जयंती पुढे प्राध्यापक झाली. आता सत्कार तिचाच होता, आणि त्या वर्षी काय घडलं ते भाषणात सांगणार, असं तिने फोनवर बजावलं. सुलक्षणाबाईंनी परोपरीने विनवलं, माझं नाव नको घेऊस. पुन्हा कुणाकडून शहाणपण ऐकण्यापेक्षा त्यांना नापास राहणं परवडत होतं. तरी घरी बसवेना. सुबोधला घेऊन त्या गेल्या आणि मागच्या रांगेत बसल्या.

आधी मुलांनी एक नाटुकलं केलं. पुढे सर, मागे मान खाली घालून दोन मुली. तेव्हाची रीतच होती ती. मुलींनी लेडीज रूममध्ये थांबायचं, सर न्यायला येतील तेव्हाच त्यांच्या मागून वर्गात जायचं. सभागृह खदखदून हसलं. सुबोधही हसला. बाई मात्र या वेळी हसल्या नाहीत.

मग जयंती उठली. ती म्हणाली, "एकदा मी सरांच्या आधी वर्गात गेले, तर घरी पत्र आलं. पुढे फिजिक्सच्या प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरचे परीक्षक थेट लॅबमध्ये गेले आणि आम्हाला न्यायला कुणी आलंच नाही. शेवटी धीर करून आम्ही गेलो, तोवर गैरहजेरी लागली होती. माझ्या वडिलांनी मला पुन्हा बसवलं. सुलक्षणाच्या वडिलांनी तिचं लग्न लावलं. ती माझ्यापेक्षा हुशार होती."

टाळ्या झाल्या. प्राचार्य म्हणाले, काळच तसा होता, आणि चहाला चला. चूक कॉलेजची होती, एवढे तीन शब्द काही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत.

गाडीत सुबोधचा चेहरा उतरला होता. आपण किती वर्षं आईची टिंगल केली, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"आई, तू कधी बोलली का नाहीस?"

"बोलले होते रे. लग्न झाल्या झाल्या, तुझ्या बाबांना."

"मग?"

"म्हणाले, दाराला काय कुलूप होतं? उठून जायचं होतंस."

सुबोधने गाडी सुरू केली. मघापासून तोही हेच विचारणार होता.