नावं मिळणार नाहीत

चिखलीजवळच्या एका जिनिंग कारखान्यात कापसातला कचरा निवडणाऱ्या बाया दर महिन्याला मधेच दांड्या मारत. का मारतात, हाच धम्मशीलाच्या व्यवस्थापनातल्या पीएच.डी.चा विषय. मालकालाही ते हवंच होतं, म्हणून परवानगी लगेच मिळाली. मार्गदर्शक सरांनी प्रश्नावली करून दिली, बायांनी ती भरली. गैरहजेरीचं कारण घरकाम, कामावर समाधानी. सगळ्यांचं एकच उत्तर.

सर खूश झाले. धम्मशीलाला मात्र ते पचेना. तिच्या आईनं, जनकाबाईनं, अशाच कामात उमर घालवली होती, आणि समाधान हा शब्द तिच्या तोंडी लेकीनं कधी ऐकला नव्हता. मग ती बायांसोबत त्यांची ने-आण करणाऱ्या जीपमधून ये-जा करू लागली. आधी कोणी बोलेना. हळूहळू कलाबाई बोलली.

"तुह्या कागदावर काय लिहू व पोरी? मुकादम तं डोक्यावर उभा होता. तिथल्या संडासाले कडी नाही. पाळीच्या दिवसात जावं तरी कसं? त्यापरीस घरी बसलेलं बरं."

बाकीच्या बायाही बोलत्या झाल्या. धम्मशीलानं प्रत्येकीला विचारून, नाव कुठंच येणार नाही असा शब्द देऊन बोलणं रेकॉर्ड केलं.

"चार बायांच्या गप्पा म्हणजे संशोधन नव्हे," सर चिडले. "आकडे आण."

"आकडे आणले होते सर. ते खोटे निघाले."

जिनिंगचे मॅनेजर हिंमतराव यांना निष्कर्ष दाखवायची अट होती. त्यांनी वाचलं आणि धम्मशीलाला सरांसह केबिनमध्ये बोलावलं.

"कडीचं कोण बोललं?"

"नावं मिळणार नाहीत."

"परवानगी आम्ही दिली, मॅडम. रेकॉर्डिंग तरी ऐकवा."

"आत यायची परवानगी तुमची. बोलल्या त्या बाया. तेही मिळणार नाही."

सर कुजबुजले, "अगं, देऊन टाक. एवढ्यासाठी प्रबंध बुडवतेस?"

"बुडाला तरी चालेल सर. उद्या त्यांची रोजी गेली तर मी कोणत्या तोंडानं जीपमध्ये बसू?"

"मग आमचं फाटक तुमच्यासाठी बंद," हिंमतराव म्हणाले.

"करा. फाटक का बंद झालं, तेही प्रबंधात लिहीन. तेही तुमचं व्यवस्थापनच आहे."

सरांनी हात वर केले. नवा मार्गदर्शक मिळेपर्यंत तिचं वर्ष वाया गेलं. नातेवाईक म्हणू लागले, एवढं शिकून पोरगी जीपमध्ये फिरते. ती फिरतच राहिली. नव्या मॅडमनी बायांची वऱ्हाडी बोली प्रमाण मराठीत करायला सुचवलं, तेव्हाही ती अडली. "'राह्यलेलं' कापून 'राहिलेलं' केलं तर बोलणारी बाईच बदलते, मॅडम." मॅडम म्हणाल्या, ठेव.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "एवढ्या थोड्या बायांवरून सगळ्या जिनिंगांविषयी काय सिद्ध होतं?"

"सगळ्यांविषयी काहीच नाही," धम्मशीला म्हणाली. "गैरहजेरीच्या ज्या कारणाला घरकाम म्हणून मोकळे झालो, ते घरकाम नव्हतं, एवढं या एका ठिकाणापुरतं दिसतं. दुसरीकडचं जाणून घ्यायचं तर तिथंही जाऊन बसावं लागेल. मी बसणार आहे."

पदवी मिळाली. त्या जिनिंगच्या संडासाला कडी काही लागली नाही. कलाबाईनं ते काम सोडलं आणि दुसऱ्या जिनिंगमध्ये रोजानं जाऊ लागली. एकदा भेटली तेव्हा धम्मशीलाला म्हणाली, "तिथंही लय काही आहे सांगण्यासारखं. ये."

सोमवारी सकाळी धम्मशीला तिकडच्या जीपमध्ये जाऊन बसली.