चार्जिंगवर असताना उतरणारी बॅटरी

‘मॅडम, टॅब पुन्हा बंद पडला. पॉवरबँक लावून होती तरी.’

प्रमिलाचा फोन आला तेव्हा मी गडचिरोलीच्या ऑफिसात होते आणि कोलते सर समोरच चहा पीत होते. प्रमिला आमची सर्व्हेयर. जंगलाला लागून जी शेतं लोक बापजाद्यांपासून कसत आले, ती टॅबवर मोजायची, नकाशा काढायचा आणि वनहक्काच्या दाव्याला जोडायचा, हे आमच्या संस्थेचं काम. कोलते सर प्रोजेक्ट मॅनेजर. मी टेक्निकल को-ऑर्डिनेटर, म्हणजे टॅब, केबल, अ‍ॅप यांतलं काहीही बिघडलं की जिला बोलणी बसतात ती. त्याआधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यामुळे मला बॅटरीतलं कळतं, आणि न कळणाऱ्याने शिकवलेलं सहन होत नाही.

‘कोणाचं शेत?’ मी विचारलं.

‘तानाबाईचंच. शेवटचा कोपरा राह्यला होता.’

तानाबाईचं शेत आधीही एकदा असंच अर्ध्यात गेलं होतं.

शेत मोजायचं म्हणजे काय, ते आधी सांगते. सर्व्हेयर टॅब हातात धरून शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे हद्दीवरून, चालते. टॅब जीपीएसवर तिची वाट टिपतो. जिथून निघालो तिथे परत पोचलो की रेघ जुळते आणि मगच अ‍ॅप शेत सेव्ह करतं. रेघ जुळायच्या आत टॅब बंद पडला तर चाललेलं सगळं वाया. पुन्हा पहिल्या दगडापासून सुरुवात. शिवाय प्रत्येक कोपऱ्यावर शेजारच्या शेतकऱ्याला उभं करून ‘हो, ही हद्द मान्य’ असं त्याच्या तोंडून व्हिडिओत घ्यावं लागतं. चारही शेजारी एकाच वेळी हजर पाहिजेत.

आणि दिवस मोहाचे. मोहाची फुलं पहाटे गळतात. सकाळी वेचली तर घरात येतात, नाहीतर गुरं आणि चितळं खाऊन जातात. त्या दिवसांत चार माणसांना मोहा सोडून एका विधवेच्या धुऱ्यावर उभं करणं म्हणजे काय असतं, ते आमच्या भागातल्याच माणसाला कळेल. तानाबाईने प्रत्येकाच्या दारी जाऊन हातापाया पडून त्यांना आणलं होतं. दोनदा. ग्रामसभा तोंडावर आली होती. नकाशा नसलेली फाइल पुढे जाणार नव्हती. आणि दावा मंजूर झाला नाही, तर ज्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, तिने जन्मभर धान लावलं त्या तिच्या म्हणायला कागदाचा कपटाही राहणार नव्हता.

हे सगळं माझ्या डोक्यात चालू असताना कोलते सरांनी हात लांब करून माझ्या हातातला फोन घेतला.

‘चार्जिंगवर असताना बॅटरी उतरते? मला शिकवता? झाडाखाली बसून व्हिडिओ बघायचे आणि नाव टॅबचं. सरळ सरळ खोटं बोलताय तुम्ही!’

पलीकडून कोणीतरी पुरुष खोकला. मग एक शेळी ओरडली. तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी कपाळाला हात लावला.

त्या गावात नेटवर्क फक्त एका मोहाच्या झाडाच्या बेचक्यात येतं. फोन बेचक्यात ठेवायचा, स्पीकर लावायचा आणि खाली उभं राहून मोठ्याने बोलायचं, ही तिथली रीत. सोयरीक असो की भांडण, सगळं झाडाखालच्या लोकांसमोर. त्या गावात खासगी फोन हा प्रकारच नाही.

‘सर, स्पीकरवर होतं,’ मी म्हटलं. ‘तानाबाई, तिचे चारी शेजारी, सगळ्यांनी ऐकलं.’

‘ऐकू दे. जरा धाक राहील.’

मला इतका राग आला की मी उठून नळावर जाऊन तोंड धुतलं. कारण खोटं प्रमिला बोलत नव्हती. खोटं तो डबा बोलत होता, आणि डबा सरांनी आणला होता.

त्याची गोष्ट अशी. त्या गावांत वीज असून नसल्यासारखी. वादळाने एक पोल पडला की आठवडा अंधारात. म्हणून सर्व्हेयरना पॉवरबँक द्यायचं ठरलं. निवड माझ्याकडे होती. मी चंद्रपूरला जाऊन एक पॉवरबँक पाहून आले, स्वतःसाठी घेतलीही आणि मीटिंगमध्ये टेबलावर ठेवली. सरांनी ती उचलली, वरचा आकडा वाचला आणि हसले.

‘वीस हजार एमएएच? मॅडम, मार्केटमध्ये पन्नास हजारवाली मिळते. मोठी घेऊ ना!’

‘सर, तो आकडा साठ्याचा आहे. आपल्याला किती वॅट बाहेर येतात ते बघायचं आहे.’

‘साठाच नसेल तर बाहेर काय येणार?’

मी तलावाचं उदाहरण दिलं. आमच्याकडे धान तलावाच्या पाण्यावर होतं, त्यामुळे हे सगळ्यांना समजतं. एमएएच म्हणजे तलाव किती मोठा. वॅट म्हणजे त्यातून निघणारा पाट किती रुंद. तलाव भरलेला असेल आणि पाट बोटभर असेल, तर बांधी वाळणारच. ऑफिसातल्या शिपायापासून अकाउंटंटपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनी नाही. सरांना पन्नास हजार हा आकडा आवडला होता. विटेएवढे काळे डबे आले. मागे बारीक अक्षरात आउटपुट छापलं होतं, ते मोबाइलपुरतं. दहा इंची टॅबला ते पुरणारं नव्हतं. सोबत केबल लांबलचक आणि सुतळीसारखी बारीक. बारीक लांब केबलमध्ये अर्धी वीज वाटेतच मरते.

सरांनी टेस्टिंगही केलं होतं. कूलरसमोर टेबलावर टॅब बंद करून ठेवला, डबा लावला, संध्याकाळपर्यंत टॅब फुल झाला. फोटो काढून वरच्या ऑफिसला पाठवला. आता बंद टॅब काय खातो? काहीच नाही. पण उन्हात चालताना स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवावा लागतो, नाहीतर काही दिसत नाही. जीपीएस सतत चालू. वर शेजाऱ्यांचे व्हिडिओ. आणि जिथे नेटवर्क नाही तिथे टॅब दिवसभर ते शोधत राहतो, त्यात बॅटरी सगळ्यात जास्त जाते. खर्च जास्त, आवक कमी. चार्जिंगचं चिन्ह दिसत राहतं आणि टक्के उतरत राहतात.

प्रमिलाचा फोन आला त्याच दुपारी मी ऑफिसच्या अंगणात टॅब उन्हात चालू करून, मध्ये छोटा यूएसबी मीटर लावून हे सरांना दाखवायला गेले. हा मीटर दुकानात माझ्या खिशातच असायचा. केबलमधून किती वीज जाते ते तो दाखवतो. सर बाहेर आलेच नाहीत.

‘तुमचे मूलच्या दुकानातले प्रयोग इथे नकोत,’ एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रमिलाचा निरोप आला. शेजारी रविवारी येतील, पण शेवटचं. त्यानंतर कोणी धुऱ्यावर पाय ठेवणार नाही. माझी पॉवरबँक घेऊन मी एकटी जाऊ शकले असते आणि काम झालं असतं. पण मग प्रमिला खोटारडीच राहिली असती, आणि बाकीच्या गावांतल्या सर्व्हेयर तेच डबे वाहत राहिल्या असत्या. मला सर तिथे हवे होते, उन्हात, धुऱ्यावर.

मी गोड आवाजात म्हटलं, ‘सर, वार्षिक रिपोर्टला फील्डमधला फोटो लागेल ना? तुम्ही स्वतः शेत मोजताय, हातात टॅब, खांद्याला आपली पॉवरबँक.’

सर रविवारी सकाळी माझ्या आधी जीपमध्ये बसले होते.

आम्ही पोचलो तेव्हा शेजारी धुऱ्यावर उभे होते. कोणी नमस्कारही केला नाही. पूर्वेकडचा शेजारी दौलतभाऊ, त्याचं आणि तानाबाईचं धुऱ्यावरून जुनंच वाकडं. तो म्हणाला, ‘साहेब, लवकर करा. माहा मोहा तिकडे गुरं खाऊन राह्यले.’ तानाबाई पदर डोक्यावर घेऊन पहिल्या दगडाजवळ बसली होती. तिने सरांकडे एकदाच पाहिलं.

गावाचा डेटा प्रमिलाच्या टॅबमध्ये होता, म्हणून टॅब तिचाच घेतला. वीज नव्हतीच, तरी डब्यावर रात्रभर ठेवून तिने तो निम्म्याच्या वर आणला होता. सरांनी नवाकोरा पन्नास हजारचा डबा खांद्याच्या पिशवीत घातला, केबल जोडली, फोटो काढून घेतला आणि चालायला लागले.

पहिल्या कोपऱ्यापर्यंत सर बोलत होते. तंत्रज्ञान, पारदर्शकता वगैरे. दुसऱ्या कोपऱ्यावर व्हिडिओ झाल्यावर त्यांनी टक्के पाहिले आणि केबल काढून पुन्हा लावली. चार्जिंगचं चिन्ह आलं. टक्के खाली गेले. सरांनी उजेड कमी केला, तर त्यांना रेघच दिसेना आणि ते शेजारच्या बांधीत उतरले.

दौलतभाऊ ओरडला, ‘ओ साहेब! ते माहं शेत हाय!’

सर परत धुऱ्यावर आले. शर्ट पाठीला चिकटला होता. मी मीटर मध्ये लावला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. आकडा जेमतेम मोबाइलपुरता होता.

तिसऱ्या कोपऱ्याच्या पुढे टॅबने लाल इशारा दिला. मी पिशवीतून माझी पॉवरबँक आणि आखूड जाड केबल काढली.

‘थांबा,’ सर म्हणाले. ‘प्रोजेक्टच्या टॅबला बाहेरची वस्तू लावता येत नाही. वॉरंटी जाते.’

मी ऐकतच राहिले. एका बाईचं शेत डोळ्यांसमोर चाललं होतं आणि या माणसाला वॉरंटी सुचत होती.

‘सर, वॉरंटी टॅबची आहे. तानाबाईच्या शेताची कोणी दिली आहे का?’ माझा आवाज चढला होता, मला कळत होतं, आणि मी तो उतरवला नाही. ‘आज हा टॅब बंद पडला तर या माणसांना पुन्हा तुम्ही बोलवायचं. प्रत्येकाच्या दारी जाऊन, पाया पडून. जाल?’

बोलला तो दौलतभाऊ, ज्याला तानाबाईचं शेत मोजलं न गेल्याचा फायदाच होता.

‘लाव ना बाई, काऊन थांबून राह्यली? मले काई रोज रोज इथी येनं होत नाई.’

मी केबल लावली. मीटरवरचा आकडा उडी मारून वर गेला. टक्के थांबले, आणि थोडं चालल्यावर हळूहळू चढायला लागले. टॅब तापू नये म्हणून प्रमिलाने त्यावर दुपट्ट्याची सावली धरली. शेवटचा कोपरा झाला. सर पहिल्या दगडाशी पोचले, रेघ जुळली, अ‍ॅपने शेत सेव्ह केलं. दौलतभाऊ वळूनही न बघता मोहाकडे पळाला.

तानाबाईने टॅबवरची हिरवी आकृती पाहिली. ‘झालं?’ तिने प्रमिलाला विचारलं.

‘झालं, बाई.’

‘आता पुसून तं नाई जात?’

‘नाई जात.’

परतीच्या वाटेवर जीपमध्ये सर खिडकीबाहेर बघत होते. ऑफिसात पोचल्यावर माझ्यावाल्या पॉवरबँकची ऑर्डर निघाली. वर गेलेल्या रिपोर्टात लिहिलं होतं, ‘प्रोजेक्ट मॅनेजर यांनी स्वतः केलेल्या फील्ड टेस्टिंगनंतर योग्य मॉडेल निश्चित करण्यात आले.’ फोटो मात्र जुन्या डब्याचाच. मी वाचलं, दात आवळले आणि सोडून दिलं. मला वाटलं, विषय संपला.

संपला नव्हता. ग्रामसभेत सगळे नकाशे वाचून दाखवले गेले. कोलते सर प्रमुख पाहुणे म्हणून खुर्चीवर होते. त्यांनी भाषण केलं, शेवटी विचारलं, ‘कोणाला काही शंका?’ असं विचारल्यावर कोणी उठत नसतं, म्हणूनच ते विचारतात.

तानाबाई उठली.

‘साहेब, त्या दिवशी तुमी झाडावरच्या फोनातून प्रमिलाबाईले खोटं बोलते म्हनलं होतं. आमी साऱ्यांनी आयकलं. मंग तुमच्याच हातात बी थे मशीन उतरलं, थे बी साऱ्यांनी पायलं. आता तुमी इथी सांगा ना, खोटं कोन बोललं होतं?’

सर म्हणाले, ‘थोडा गैरसमज झाला होता.’

‘कोनाचा?’

ती बसली नाही. उभीच राहिली. मी मुद्दाम सरांकडे न बघता प्रमिलाकडे पाहिलं. ती मान खाली घालून दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत होती.

‘माझा,’ सर म्हणाले. ‘प्रमिलाबाई खरं सांगत होत्या.’

तेव्हा तानाबाई खाली बसली आणि सभा पुढे सुरू झाली.

आता ओळखीचे लोक मला विचारतात, टॅबसाठी पॉवरबँक कोणती घ्यावी. मी सांगते, पुढचा मोठा आकडा सोडा, मागचे बारीक वॅट वाचा, केबल आखूड आणि जाड घ्या, आणि टॅब उन्हात चालू ठेवूनच तपासा. ऑफिसची खरेदी असेल तर आणखी एक सांगते. खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्याला आधी तो डबा खांद्याला अडकवून धुऱ्यावरून चालवा. तीन कोपरे पुरतात.