शालनताईंची फिल्म आणि माझा गोडाचा नवस

दिवाळीच्या डब्यांच्या तळाशी चिवड्याचा चुरा साठतो ना, तसे आमच्या युनिटचे किस्से साठलेत. टाकवत नाहीत. आणि खरं सांगू? सगळी चव त्या चुऱ्यातच असते!

युनिट म्हणजे आम्ही तिघंच. माझी नणंद शालनताई, लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारे बाळासाहेब आणि मी. शालनताई कौटुंबिक समुपदेशक. कितीतरी वर्षं त्यांनी नवरा-बायकोंची, सासू-सुनांची भांडणं सोडवली. मग नव्वदीच्या अखेरीस एक दिवस नोकरी सोडून आमच्या नाशिक रोडच्या ब्लॉकवर आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, माझ्याकडे माणसं येतात ती घर जळून गेल्यावर. मला धूर निघतानाच पोचायचंय. मी फिल्म काढणार!"

आमचे हे पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "भांडणं बघायला लोक गर्दी करतात गं. मिटलेली बघायला कोण येणार?"

शालनताईंचा चेहरा एवढासा झाला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेले आणि रामरायाला सांगून आले, ही फिल्म लोकांसमोर एकदा तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग दाखवली जात नाही, तोवर मी गोड खाणार नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा.

मला वाटलं, महिन्याभराचा प्रश्न आहे!

* * *

फिल्मचं नाव 'ऐकून तर घ्या'. शूटिंग आमच्याच हॉलमध्ये. पहिला सीन नवरा-बायकोच्या कडाक्याच्या भांडणाचा. कॉलनीतलंच एक हौशी जोडपं काम करत होतं. बायको ओरडली, "मी माहेरी चालले!" नवरा ओरडला, "जा!"

तेवढ्यात शालनताई खुर्ची घेऊन दोघांच्या मधोमध बसल्या. "थांबा. आधी त्या बोलतील, मग तुम्ही. हं, नक्की राग कशाचा आला?"

"मॅडम, फ्रेममध्ये आलात!" बाळासाहेब.

पुन्हा टेक, पुन्हा तेच. हाडात मुरलेली सवय, करणार काय! शेवटी बाळासाहेब रडकुंडीला आले. "मॅडम, यांचं भांडण होऊ द्या हो! सारखं मिटतंय!"

मग मी शालनताईंना स्वयंपाकघरात नेलं आणि बाहेरून कडी घातली. तेव्हा कुठे भांडण रंगलं. आणि जन्मात कधी कोणाची बाजू न घेतलेल्या आमच्या समुपदेशक बाई आतून ओरडल्या, "वहिनी, तिला म्हणावं सोडू नकोस! चूक त्याचीच आहे!"

* * *

एडिटिंग बाळासाहेबांच्या दुकानात. बायको बॅग भरून, डोळे पुसत घर सोडते, तो सीन बघायला आम्ही मोठ्या अपेक्षेने बसलो. पडद्यावर एक बदाम उमलला. बदामात ती बिचारी रडतेय, आणि वरून गुलाबाची फुलं पडताहेत!

"अहो बाळासाहेब, ती संसार मोडून चाललीय!"

"मॅडम, पाठवणीला आपण हाच इफेक्ट देतो," ते शांतपणे म्हणाले. "बायका हमखास रडतात."

* * *

खाष्ट सासूचं काम माझ्या गळ्यात पडलं. सुनेला अर्धी भाकरी टाकून म्हणायचं होतं, "एवढंच मिळेल!" त्या दिवशी माझा गुरुवार. उपाशीपोटी, देवाच्या वारी दुसऱ्याला उपाशी ठेवायचं म्हणजे माझ्या जिवावर आलेलं. तरी म्हटलं हो मी, "एवढंच मिळेल!" आणि हात आपोआप डब्यात गेला. "थोडं तूप घे वर."

तो सीन आम्हाला संध्याकाळपर्यंत पुरला. माझं तूपच संपलं, तेव्हा शॉट ओके झाला!

* * *

पहिला खेळ पंचवटीत, एका देवळाच्या सभामंडपात. बायकांची ही गर्दी! फिल्म अर्ध्यावर आली, मी सुनेवर हात उगारला, आणि तो हात खाली यायच्या आत पडद्यावर कोणाची तरी हळद सुरू झाली. बाळासाहेबांनी घाईत लग्नाच्या जुन्या कॅसेटवर फिल्म उतरवलेली, तीही निम्मीच! ते धावले बंद करायला, तर बायका म्हणाल्या, "राहू द्या हो, नवरी छान आहे!"

हळद पूर्ण बघून सगळ्या उठल्या. शालनताई रिकाम्या सतरंजीकडे बघत म्हणाल्या, "दादा म्हणाला ते खरंच होतं का गं वहिनी?"

मी म्हटलं, "पुढच्या वेळी होईल." त्या संकष्टीला मोदक केले, सगळ्यांना वाढले आणि मी भगर खाल्ली.

पुढच्याच आठवड्यात बाजारात भाजीवाली म्हणाली, "मेथी देते, पण आधी सुनेला नीट वागवा!"

"अगं, मला सून नाही!"

"कशी मिळंल?"

"पुढे मी सुधारते हो फिल्ममध्ये!"

"पुढचं बघितलंय कोणी?"

खरंच की. कुठे कॅसेट अडकायची, कुठे लाइट जायची, कुठे प्रेक्षकांतच जुंपायची आणि शालनताई खुर्ची घेऊन मधे बसायच्या. निम्म्या नाशिकने मला खाष्ट बघितलं, सुधारलेली कोणीच नाही! दोन दिवाळ्या माझ्या अशाच गेल्या.

* * *

मग दिंडोरीकडच्या एका गावातून बोलावणं आलं. खेळ दुपारी, द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये. जेवायला आम्ही भागाबाईंकडे. अंगणात गाय बांधलेली. आम्ही पानावर बसलो तशा भागाबाई गायीकडे वळून म्हणाल्या, "कपिले, सांग तिला, पाव्हण्यांना भाजी वाढ म्हणावं."

आतून सून, सुनंदा. "कपिले, सांग त्यांना, वाढतेच हाय म्हणावं."

मी शेजारणीकडे बघितलं. ती कानात म्हणाली, "मागल्या छाटणीपासनं अबोला हाय. गाय लय शानी झालीया बघा!"

शालनताईंचा हात खुर्चीकडे गेलेला मी बघितला. मी तो धरून ठेवला. "आज फिल्मला बोलू द्या."

शेडच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला. फिल्म सुरू झाली. हळद नाही, काही नाही. मी सुनेला छळलं, पस्तावले, अगदी शेवटचा सीन आला. सासू सुनेसमोर येऊन उभी राहते आणि बोलायला तोंड उघडते. मी मनात रामनाम घेतलं. आता दोनच मिनिटं!

लाइट गेली.

काळाकुट्ट अंधार. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कोणीतरी पोरगं रडायला लागलं. मग बायकांतून एक आवाज आला. गाय काही शेडमध्ये नव्हती.

"सुनंदा... हायस का गं?"



"हाय, आत्याबाई."

"पोराला घेऊन उठू नगं. कडंला क्रेट हायती. लागंल तुला."

"नाय उठत."

 मग लाइट आली. बाळासाहेबांचा हात व्हीसीआरकडे गेला. शालनताईंनी तो वरचेवर पकडला.

निघताना भागाबाईंनी थांबवलं. सुनंदाच्या हातात ताटली, आणि भागाबाई तीत शिरा वाढत होत्या. दोघी माझ्यासमोर उभ्या. भागाबाई मला म्हणाल्या, "घ्या की, सासूबाई!"

मी म्हटलं, "नको हो. माझा नवस आहे. फिल्म शेवटपर्यंत..."

"वहिनी," शालनताई म्हणाल्या, "खा."

मी पहिला घास घेतला. बाहेर अंगणात कपिला केव्हाची हंबरत होती. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.