बाजूला सरकवलेला आरसा

आमची सई नेमबाजी शिकते. गोळी सुटली की रिकामी पुंगळी गालाजवळून उडते, म्हणून तिच्यासाठी मजबूत चष्मा घ्यायला आम्ही दुकानात गेलो होतो. दुकानदारकाकांनी पहिला चष्मा दिला आणि सवयीने आरसाही पुढे केला. सईने तो हलकेच बाजूला सरकवला, डावा हात पुढे धरला आणि हातात नसलेल्या बंदुकीच्या दस्त्यावर गाल टेकवला. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं.

"काका, हा नको. मान झुकवली की फ्रेमची कड मध्ये येते."

"अगं, पण किती शोभतोय," मी म्हणाले.

"आई, घड्याळातला बाराचा आकडा अर्धाच दिसतोय."

सातवा चष्मा तिला पटला. बोजड, डोळ्यांच्या बाजूही झाकणारा. तिच्या वयाची असताना मला फळा दिसत नसे, तरी मी चष्मा दप्तरातच ठेवायचे. चारचौघांत बरी दिसत नाही म्हणून.

काका आरसा उचलून ठेवत होते, तेव्हा त्यात ओझरती मी दिसले. चष्मा नाकावर घसरलेला, केस विस्कटलेले. ते नीट करायचं मला सुचलंच नाही, कारण मी सईकडे बघत होते.